उभ्या गाडीचा पावसाळा

रानवाटांसाठी म्हणून वेगळी घडवलेली मोटारसायकल विसाव्या शतकात भारतीय कारखान्यांतून जवळजवळ बाहेर पडलीच नाही, आणि तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथून रविवारी पहाटे मुरबाड, वाडा, जव्हार या दिशांना निघणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये बुलेट, जावा, येझदी आणि राजदूत हीच नावे आढळतात. हे कोडे वाटले, तरी त्याचे उत्तर गाड्यांपेक्षा रस्त्यांत शोधावे लागते. १९५० आणि १९६० च्या दशकांत तालुक्याच्या गावापुढचा रस्ता बहुधा मुरमाचा, पावसाळ्यात चिखलाचा आणि ओढ्यापाशी पूल नसलेला असे, त्यामुळे त्या काळात जी गाडी देशात टिकली ती रानवाटेचीही गाडी होतीच. तिला तसे नाव द्यावे असे कोणाला वाटले नाही, इतकेच. आज शहरी हौशी माणूस जेव्हा अशी गाडी पुन्हा मातीत घालतो, तेव्हा तो तिच्याकडून काही नवीन मागत नसतो. नवीन असते ते तिचे राहण्याचे ठिकाण, म्हणजे उपनगरातल्या इमारतीखालची दमट, अरुंद आणि महिनोन् महिने न हलणारी जागा, आणि या प्रकरणात गाडीच्या देखभालीचा जो विचार केला आहे तो मुख्यतः त्या जागेच्या अनुरोधाने केला आहे.

कच्च्या वाटेवरच्या स्वारीचे प्रकार पाडण्याची परंपरा ब्रिटन आणि मध्य युरोपातली. खडक, ओढे आणि चढ यांतून, पाय जमिनीला न लावता, माणसाच्या चालीच्या वेगाने गाडी काढण्याच्या कसोटीला ट्रायल्स म्हणतात आणि तिच्यात पाय टेकला की दंडाचे गुण चढतात. आखलेल्या मातीच्या धावपट्टीवर अनेकांनी एकदम सुटण्याच्या शर्यतीला आधी स्क्रॅम्बल आणि पुढे मोटोक्रॉस हे नाव पडले. ठरावीक वेळेत ठरावीक ठाणी गाठायला लावणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेला एन्ड्युरो म्हणतात. ट्रेल रायडिंग, म्हणजे रानवाटेची निखळ भटकंती, यांपैकी कशातच मोडत नाही, कारण तिच्यात घड्याळ नसते आणि पंचही नसतो. तरीही जुन्या गाडीवरून ती करणाऱ्याला कसब लागते ते ट्रायल्सचे, हळू जाण्याचे. उड्या मारणे हे तिच्या चौकटीलाही झेपत नाही आणि तिच्या मालकाच्या खिशालाही.

बुलेटचा या कसोट्यांशी असलेला संबंध भारतात फारसा माहीत नाही. लष्कराची, पोलिसांची आणि पुढे रुबाबाची गाडी म्हणून ओळखली जाणारी ही मोटारसायकल युद्धोत्तर रूपात प्रथम लोकांसमोर आली ती १९४८ साली ब्रिटनमधल्या एका ट्रायल्स स्पर्धेत, आणि त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय कसोटीत तिच्या स्वारांनी सुवर्णपदके मिळवली. तिचे वेगळेपण मागच्या चाकात होते. तोवर बहुतेक गाड्यांचे मागचे चाक चौकटीला ताठ जखडलेले असे आणि ट्रायल्सच्या जाणकारांचा विश्वासही ताठ चौकटीवरच होता; बुलेटमध्ये ते चाक बिजागरीसारख्या वरखाली फिरणाऱ्या लोखंडी हातावर बसवून त्या हाताला तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर लावले होते, त्यामुळे खाचखळग्यांतही चाक जमीन सोडत नसे. जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ मध्ये स्कॉटलंडची प्रसिद्ध सहा दिवसीय ट्रायल रॉयल एन्फिल्डवर जिंकली. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि मूळ ब्रिटिश कंपनी संपल्यानंतरही हीच जुनी रचना तिथे कित्येक दशके बनत राहिली, म्हणून आज घाटकोपरच्या एखाद्या चाळीखाली उभी असलेली १९७० ची बुलेट ही रचनेने १९४८ च्या गाडीची अगदी जवळची नातलग असते. तिचे ३४६ घनसेंटिमीटरचे इंजिन लांब फेऱ्याचे आहे, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव सिलिंडरच्या रुंदीपेक्षा जास्त आहे, आणि त्याला जड फ्लायव्हील जोडलेले आहे, त्यामुळे दगडी चढावर ॲक्सिलरेटर जेमतेम उघडा ठेवूनही इंजिन बंद न पडता ठेक्यात ओढत राहते. जड अंग हा तिचा दोष. चिखलात आडवी पडली तर एकट्याने उभी करताना कंबर धरते.

जावाची कथा मुंबईशी अधिक जवळून बांधलेली आहे. चेकोस्लोव्हाकियातल्या या गाड्या मुंबईत आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने, आयातीवर निर्बंध आल्यानंतर, म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. १९७३ नंतर त्यांना येझदी हे नाव मिळाले, जे इराणमधल्या यझ्द या शहराची आठवण ठेवते, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मूळ देशात जावा ही एन्ड्युरोची दादा गाडी होती: १९७० ते १९७४ या सलग पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय कसोटीची मुख्य ट्रॉफी चेकोस्लोव्हाक संघाने जिंकली. म्हैसूरहून निघालेली गाडी ही त्या स्पर्धेच्या गाड्यांची साधी, घरगुती बहीण होती, पण तिच्या अंगात दोन गोष्टी रानाच्या उपयोगाच्या उतरल्या होत्या. एक म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन, ज्यात झडपा, कॅमशाफ्ट असले काहीच नसल्याने झाडाखाली बसूनही हेड उघडता येते. दुसरी म्हणजे मागची साखळी पूर्ण पत्र्याच्या पेटीत बंद असणे. चिखल साखळीवर उडत नाही हा त्या पेटीचा फायदा सगळे सांगतात, पण ओढ्यातून गाडी काढल्यावर पेटीत शिरलेले पाणी आपसूक बाहेर येत नाही आणि साखळी आतल्या आत गंजत राहते, हे बहुधा साखळी तुटल्यावर कळते.

राजदूत या दोघींपेक्षा गरिबाघरची. पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून बनवलेली ही १७३ घनसेंटिमीटरची टू-स्ट्रोक गाडी दोन्ही बाजूंना कॅन बांधलेल्या दूधवाल्यांनी घराघरांत पोचवली. जुन्या राजदूतचे पुढचे चाकही लांब झुलत्या हातांवर बसवलेले असे. दिसायला ते बेढब, पण दगडावर चाक आदळले की झटका हँडलपर्यंत कमी पोचतो. उपनगरांतल्या तरुणांची जास्त ओढ असते यामाहाच्या आरएक्स १०० कडे, आणि हलकेपणात तिला तोड नाही, पण १९८५ साली आलेली ती गाडी वयाने या पंगतीत बसत नाही.

आता वाटा. मुंबईच्या उपनगरांना डोंगर आणि जंगल अगदी खेटून आहे, त्यामुळे बोरिवली किंवा मुलुंडला राहणाऱ्या नवशिक्याला वाटते की रानवाट घराच्या मागेच सुरू होते. ती सुरू होते हे खरे, पण ती गाडीसाठी नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येते आणि तिथे परवानगीवाचून शिरणेच गुन्हा ठरू शकते, मग टू-स्ट्रोकचा आवाज करत शिरणे दूरच. ठाण्याच्या बाजूचे येऊर, वसईजवळचे तुंगारेश्वर आणि शहापूरकडचे तानसा यांनाही हाच न्याय लागू आहे, आणि राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागतो. आरेच्या रस्त्यांवरून गाडी नेता येते, पण रस्ता सोडून गवतात घालणे म्हणजे बिबट्याच्या आणि पाड्यांच्या दारात धुडगूस घालणे आहे. मार्वेहून मनोरीला फेरीबोटीतून दुचाकी नेता येते आणि तिथून उत्तनपर्यंतचा उंचसखल भाग आकर्षक आहे, मात्र समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात घालवलेल्या एका सकाळीची किंमत स्पोकच्या मुळाशी पुढच्याच महिन्यात तपकिरी ठिपक्यांनी दिसू लागते. म्हणून शहाणी माणसे तास-दोन तास डांबरी रस्त्याने जाऊन मुरबाड, वाडा, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांतल्या पाड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा धरतात, ज्या सार्वजनिक वापराच्या आहेत आणि ज्यांवर बैलगाडी, सायकल, शाळेची पोरे यांच्याबरोबरीने मोटारसायकलही चालते.

या वाटांचा स्वभाव ऋतूबरोबर बदलतो. उन्हाळ्यात लाल माती पिठासारखी होऊन हवेच्या गाळणीत बसते. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरते आणि त्यावर टायरच्या नक्षीचा काही उपयोग होत नाही. भातखाचरांचे बांध या काळात मऊ असतात. बांधावरून गेलेल्या टायरने पडलेली चार बोटांची खाच बाहेरच्या माणसाला क्षुल्लक दिसते, पण खाचरातले पाणी त्या खाचेतून रात्रभरात खालच्या शेतात उतरते आणि लावणीच्या दिवसांत साठवलेले पाणी गेले की रोप उघडे पडते. पाड्यावरचे लोक मोटारसायकलवाल्यांवर रागावतात तेव्हा कारण बहुधा आवाजापेक्षा हे असते.

देखभालीचा विचार करताना पुस्तके आणि जाणकार दोघेही दगड, पाणी, आदळणे यांवर भर देतात. उपनगरातल्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. महिन्यातून दोन रविवार आणि प्रत्येक वेळी चार तास रानवाट असे धरले, तर महिन्याच्या ७२० तासांपैकी आठ तास गाडी मातीत असते आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ उभी असते. त्यातही जून ते सप्टेंबर या काळात सांताक्रूझला सरासरी २२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पार्किंगच्या भिंतींनाही ओल सुटते. बाद झालेल्या जुन्या इंजिनांचे पोट उघडून पाहिले, तर दगडांनी केलेल्या नुकसानीपेक्षा या उभे राहण्याने केलेले नुकसान कितीतरी जास्त आढळते. क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके, टाकीच्या तळाशी लालसर गाळ, कार्बोरेटरमध्ये हिरवट पांढरी साय, कडक झालेले ऑइल सील: यांतले एकही रानवाटेवर तयार झालेले नसते.

यांपैकी ऑइल सीलची गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण टू-स्ट्रोक इंजिनाचे मरण बहुधा तिथून सुरू होते. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी खालच्या क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तिथून दाबाने वर ढकलले जाते, म्हणजे क्रँककेस हा एक पंपच असतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना बसवलेली रबरी कडी, म्हणजे ऑइल सील, या पंपाची हवाबंदी राखतात. गाडी चालती असली की ही कडी तेलात भिजलेली आणि लवचिक राहतात; महिनोन् महिने उभी असली की त्यांच्या ओठावर रबर वाळते, कडक होते आणि शाफ्टला नीट चिकटत नाही. मग त्या फटीतून बाहेरची कोरडी हवा आत येते, मिश्रणात पेट्रोलचे आणि त्यातल्या तेलाचे प्रमाण घटते, सिलिंडर गरजेपेक्षा तापतो आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन फुगून अडकतो, ज्याला गॅरेजच्या भाषेत इंजिन सीझ झाले म्हणतात. मालक दोष चढाला देतो, फार तर भेसळीच्या पेट्रोलला. गाडी थंड असताना एका किकमध्ये सुरू होते आणि तापल्यावर ॲक्सिलरेटर सोडूनही तिचे रेसिंग खाली येत नाही, हे लक्षण दिसले की हुशार मेकॅनिक कार्बोरेटरला हात लावण्याआधी सीलची शंका घेतो.

पेट्रोल बदलले आहे हाही भाग आहेच. भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते आणि पाणी मुरले की जस्ताच्या मिश्रधातूचे कार्बोरेटर खाते. पूर्वीच्या पिढीचा सल्ला असा असे की पावसाळ्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला जागा राहणार नाही आणि गंज धरणार नाही. त्या काळच्या पेट्रोलसाठी तो बिनचूक होता. आजच्या पेट्रोलबाबत तो उलटा पडतो. चार महिने गाडी निघणार नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, आत पेलाभर इंजिन ऑइल घालून, टाकी सगळ्या अंगांनी फिरवून तेलाचा थर बसवणे आणि कार्बोरेटरची वाटी उघडून तिच्यातला शेवटचा चमचाभर द्रवही पुसून घेणे हेच श्रेयस्कर. जुन्या जावासाठी लिटरमागे साधारण ४० मिलिलिटर टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि असे मिश्रण डब्यात साठवू नये, निघण्याच्या दिवशी ताजे करावे.

सोसायट्यांमध्ये एक सवय सर्रास आढळते, ती म्हणजे दर रविवारी गाडी पाच मिनिटे जागेवरच चालू करून बंद करण्याची. हेतू चांगला, परिणाम वाईट. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळाली तर सायलेन्सर कडक तापून ही वाफ बाहेर जाते, पण पाच मिनिटांत ती थंड नळीत आणि क्रँककेसमध्येच पाणी होऊन बसते. त्यापेक्षा इंजिन चालू न करता प्लग काढून, त्या भोकातून चमचाभर तेल सोडून, आठवड्यातून एकदा किक हाताने हळूहळू फिरवणे बरे. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडका कोंबतात. फोर-स्ट्रोक बुलेटमध्ये पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर आणून ठेवतात, कारण त्या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि सायलेन्सरमधून आलेली दमट हवा सिलिंडरमध्ये शिरू शकत नाही. (कोंबलेला फडका ऑक्टोबरात काढायला विसरणारे लोकही असतात.) २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यांवरच्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा बुडालेल्या गाडीला पाणी ओसरताच किक मारून पाहणे हा सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा, कारण पाणी दबत नाही आणि पिस्टनचा दांडा वाकू शकतो.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र उपनगरांसारखे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात शोधावे लागेल. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता, भांडुपला सिएटचा टायरांचा कारखाना आहे, कांदिवलीला महिंद्राचा, आणि या मोठ्या उद्योगांबरोबर साकीनाक्यापासून असल्फ्यापर्यंत लेथ मशीनच्या छोट्या गाळ्यांचे जाळे वाढले. जावाच्या किकशाफ्टचा झिजलेला बुश दुकानात मिळाला नाही, तर टर्नर जुना बुश हातात घेऊन, व्हर्नियरने मापून, गनमेटलच्या कांबीतून दुपारपर्यंत नवा कातून देतो. सुटे भाग शोधणारे आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, मग ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या दुकानांत आणि शेवटी चोर बाजारात जातात. नवा स्थानिक माल आणि जुन्या गाडीतून काढलेला माल यांत निवड करायची वेळ आली, तर गिअरसारख्या पोलादी भागात काढलेला मूळ माल आणि रबर, सील, केबल यांत नवा माल घ्यावा, हा बाजारातला संकेत बराचसा योग्य आहे. सिलिंडर झिजला की तो थोडा रुंद करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात, ज्याला बोर मारणे म्हणतात, पण हे मोजक्याच वेळा करता येते. शेवटचा बोर झालेला सिलिंडर घेऊन येणाऱ्या गाडीची किंमत कमी करून मागावी, कारण पुढचा खर्च स्लीव्ह बसवण्याचा असतो.

पॉइंट हा जुन्या गाडीचा आणखी एक नाजूक अवयव. इंजिन फिरत असताना दोन छोटे धातूचे ठिपके उघडतात आणि ते उघडण्याच्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते. त्यांच्यातली फट साधारण ०.४ मिलिमीटर असावी लागते, आणि ओलीने त्यांवर करडा थर बसला की ठिणगी पिवळी, अशक्त पडते. बारीक पॉलिश पेपरने ठिपके घासून, पातळ पत्र्यांच्या मापकाने फट ठरवल्यावर, फट नेमकी कुठल्या क्षणी उघडते हे पाहण्यासाठी कसलेला मेकॅनिक ठिपक्यांमध्ये पतंगाच्या कागदाची चिंधी धरून ती हलकेच ओढत ठेवतो आणि दुसऱ्या हाताने इंजिन फिरवतो. चिंधी ज्या क्षणी निसटते तो ठिणगीचा क्षण, आणि तेव्हा पिस्टन वरच्या टोकापासून किती खाली आहे हे प्लगच्या भोकातून सोडलेल्या पट्टीवर वाचतो. हे काम मंद प्रकाशाच्या पार्किंगमध्येही होते. ओढा ओलांडण्याआधी पॉइंटच्या झाकणाच्या कडेला ग्रीसचा हात फिरवायचा, एवढेच पथ्य.

प्रत्यक्ष वाटेवर जुनी गाडी चालवण्याची रीत तिच्या उणिवांतून ठरते. ड्रम ब्रेक पाण्यातून निघाल्यावर काही वेळ धरतच नाहीत, म्हणून ओढ्यानंतर ब्रेक हलका दाबून ठेवत थोडे अंतर जायचे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडते. शॉक ॲब्सॉर्बरची धाव तोकडी असल्याने दगडाळ भागात सीट सोडून पावट्यांवर, गुडघे सैल ठेवून उभे राहायचे, कारण उरलेला झटका गुडघ्यांनी गिळायचा असतो. टू-स्ट्रोक गाडी फार वेळ रेंगाळत चालवली की प्लगवर तेलाची काजळी धरते. खिशात कोरडा प्लग आणि प्लगपाना नसलेला माणूस या गाडीवर रानात जात नाही.

उताराचा धोका मात्र नव्या गाड्यांवर शिकलेल्यांना माहीतच नसतो. आधुनिक गाडीवर लांब घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिनाच्या ओढीने वेग आवरणे ही चांगली सवय मानतात आणि बुलेटवरही ती चालते, कारण फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल वेगळ्या पंपाने फिरत असते. जुन्या जावाला किंवा राजदूतला तेल मिळते ते पेट्रोलमधूनच. ॲक्सिलरेटर मिटला की पेट्रोल थांबते आणि त्याबरोबर तेलही, पण चाकांनी फिरवलेले इंजिन तर जोरात फिरतच असते. माळशेजसारखा घाट या पद्धतीने उतरला, तर पिस्टन कोरड्या सिलिंडरमध्ये घासत खाली पोचतो. म्हणून जुने स्वार उतारावर थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून ॲक्सिलरेटरला एक-दोन हिसके देतात. मागून येणाऱ्याला तो पोरकट थाट वाटतो.

कायद्याच्या दृष्टीने जुनी गाडी म्हणजे काय, याची व्याख्या जुलै २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने केली: पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला व्हीए ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. या सन्मानाबरोबर एक अट येते. असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते बाहेर काढता येते. म्हणजे जव्हारच्या गाडीवाटेवर जाऊ इच्छिणाऱ्याला हा क्रमांक अडचणीचाच ठरतो. त्यामुळे अशी माणसे अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेत राहतात, पर्यावरण कर भरतात आणि इंजिन व चौकटीवरचे कोरलेले क्रमांक निरीक्षकाला वाचता यावेत म्हणून आदल्या रात्री रॉकेलने घासून ठेवतात. जुन्या टाकीवर रंगाचे थर चढवताना किंवा चौकट सँडब्लास्ट करताना हा क्रमांक पुसट झाला, तर चांगली गाडीही कागदोपत्री बेवारस होते.

ऑक्टोबरात पाऊस गेला आणि उन्हाने पार्किंगची फरशी वाळली की गाड्या उघडतात. टाकीतले तेल काढून ताजे पेट्रोल, नवा प्लग, चार्ज केलेली बॅटरी, टायरमध्ये हवा. बुलेटवाला मग सायलेन्सरच्या बाजूला उभा राहून चावी फिरवतो आणि किक पायाने अगदी सावकाश दाबू लागतो, नजर हेडलाइटवरच्या ॲमीटरवर. सुई आधी डावीकडे झुकलेली असते. पॉइंट उघडले की ती मध्यावर येते. तिथे थांबून तो डीकॉम्प्रेसरचा छोटा दांडा ओढतो, सिलिंडरमधला दाब फुस्सकन सुटतो, किक आणखी दोन बोटे खाली जाते. दांडा सोडून, किक पुन्हा वर येऊ देऊन, तो सगळे वजन एका पायावर टाकतो. पहिल्या किकला बहुधा काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या किकला सायलेन्सरमधून निळसर धुराचा गोळा निघतो, त्यात चार महिन्यांपूर्वी प्लगच्या भोकातून सोडलेल्या तेलाचा वास असतो, आणि पहिल्या मजल्यावरची एखादी खिडकी लागते.